तोर्लाइफने दाखवलेलं स्वच्छ पाणी

तोर्लाइफ हाउगनेसला कॅमेऱ्यामागे उभं राहून पन्नास वर्षं झाली होती, आणि आता त्याला स्वतःच्याच डोळ्यांची किळस यायला लागली होती.

तसं नाव मोठं. विशीत दुसऱ्यांचे कॅमेरे वाहिले, मग कॉड मासे धरणाऱ्या होड्यांवर हिवाळे काढले, युद्धावरचे दोन चित्रपट केले, पोरांसाठी नाताळची एक मालिका केली. उत्तर नॉर्वेत जानेवारीत सूर्य उगवतच नाही, दुपारी तासभर नुसता निळा उजेड पडतो. तो धरावा तर तोर्लाइफनंच, असं ओस्लोतले शहाणेही म्हणायचे. शूटिंगवरचे सगळे जण डब्यातला पाव खात थांबायचे आणि हा उठला की धावायचे.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याला सालमन मासे पाळणाऱ्या कंपनीनं त्याच्याच गावी, शेल्विकाला बोलावलं. पलीकडची खाडीही त्यांना हवी होती, आणि गावाचं मन वळवायला फिल्म हवी होती. कंपनीचा तरुण साहेब स्टियन त्याला होडीतून जाळ्यांपाशी घेऊन गेला. तिथं मेलेल्या माशांचा हौद उघडा होता. समुद्री उवांनी डोकी कुरतडलेली, पोटं फुगलेली, वर फेसाचा थर. वासामुळे तोर्लाइफनं नाकाला रुमाल दाबला. स्टियन शेजारी उभा राहून मजेत पाव खात होता.

"इकडे कॅमेरा नको हं, तोर्लाइफ," तो म्हणाला. "पहिल्या फिल्मसारखी झकास करा. आमचा म्हातारा अजून सांगतो, त्या फिल्मनंच गाव खिशात घातलं."

तोर्लाइफ कठड्यावरून वाकला आणि सकाळचा नाश्ता समुद्रात ओकला.

"लागली का बोट? या वयात?" स्टियन हसला.

"बोट नाही लागली," तोंड पुसत तोर्लाइफ म्हणाला. "तू लागलास. आणि मी. चल, किनाऱ्याला सोड मला."

पहिली फिल्म शहाऐंशी सालची. तेव्हा कंपनीची जाळी दुसऱ्या फ्योर्डात, म्हणजे डोंगरांमधल्या लांब खाडीत होती. भिंगापुढे तो एक काच लावायचा. ती एका बाजूला फिरवली की पाण्यावरची चमक जाई आणि थेट तळ दिसे. त्या दिवशी तळ दिसला होता. काळा चिखल, त्यावर पांढरी बुरशी, जिवंत म्हणावं असं काही नाही. त्यानं ती काच गुपचूप दुसऱ्या बाजूला फिरवली. तळ गेला, पाण्यावर आभाळ आलं. मग गावच्या सभागृहात वॅफल आणि कॉफीबरोबर ते आभाळ सगळ्यांनी पाहिलं. आपल्या तोर्लाइफनं काढलंय म्हटल्यावर कोण शंका घेणार? गावच्या खाडीत जाळी टाकायला भराभर हात वर झाले. बक्षीस मिळालं ते याच फिल्मला, आणि हा निर्लज्ज ते घ्यायला सुटाबुटात गेला.

शुक्रवारी पुन्हा सभा होती. तिथं तो सगळं सांगणार होता, पण आधी बहिणीला सांगायला हवं होतं. गुन्वोरचं घर खाडीच्या काठावर, जाळ्यांच्या नेमकं समोर. दारात समुद्र, आणि ताटात दुकानातला गोठवलेला कॉड.

"जेव ना. चिवडतोयस काय?" गुन्वोर म्हणाली.

"गुन्वोर, त्या फिल्मच्या वेळी मला तळ दिसला होता. सडलेला होता. मी तो लपवला."

ती उकडलेला बटाटा सोलायची थांबली. "दिसला होता? नीट?"

"तुझं हे टेबल दिसतंय तितका नीट."

तिनं खिडकीतून समोरच्या जाळ्यांकडे पाहिलं. तो तिच्या ओरडण्याची वाट बघत होता. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"इथं जाळी आली त्याच उन्हाळ्यात मला वास यायला लागला," ती म्हणाली. "शेजारणीला म्हटलं, तर ती म्हणाली, अगं, तुझ्याच भावानं दाखवलं ना, पाणी कसं काचेसारखं असतं. मग मी बूडे शहरात डॉक्टरकडे गेले. त्यानं नाक तपासलं, डोकं तपासलं, वास मनाचाच आहे म्हणाला आणि गोळ्या दिल्या."

"कधी बोलली नाहीस मला."

"काय बोलणार? लाज वाटायची," गुन्वोर म्हणाली. "तेहतीस वर्षं मी त्या गोळ्या घेतेय, तोर्लाइफ. आज सकाळीही घेतली."