पोट बघणाऱ्या सगुणाबाई

गुरुवार, ९ जानेवारी २०२५. थंडी बरीच. नळाला पाणी नाही. सकाळी सगुणाबाई आल्या. ओट्यापर्यंत येताना दोनदा बसल्या. स्वतःचे पोट मला बघायला लावले. उजवीकडे, कमरेच्या हाडावर, लिंबाएवढे कठीण लागले. त्यांच्या मुलाला, भुजंगला, फोन केला. नको म्हणाल्या होत्या, तरी केला.

उषाबाईंनी एवढं लिहिलं आणि वही मिटली. हेडमास्तरांची बायको म्हणून कुंभार पिंपळगावात आल्यापासून, आणि ते गेल्यावरच्या अकरा वर्षांतही, त्यांच्या वहीतलं एकही पान कोरं राहिलं नव्हतं.

पोट बघणं हे खरं तर सगुणाबाईंचं काम. कापूस वेचणीच्या दिवसांतही सकाळी त्यांच्या अंगणात दोन-चार माणसं उपाशीपोटी बसलेली असत. कुणाची बेंबी सरकलेली, कुणाच्या पोटात वारा धरलेला. सगुणाबाई गुडघे उभे करायला लावत, तळव्यांना एरंडेल चोळून ऊब आणत आणि दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात करत.

"वारा असला का हाताखालून पळतो," त्या सांगत. "मळ असला का बोट रुततं. पळतही न्हाई अन् रुततही न्हाई, ते माझं काम न्हाई."

असं काही हाताला लागलं की त्या पदराला हात पुसून उठत. "जल्दी जालन्याला जा. पोटाचा फोटो काढ." चोळून घ्यायला आलेलं माणूस चिडायचं, पण जायचं. अशी आठ माणसं त्यांनी पाठवली. सात जण आजही आठवडी बाजारात भाजी घेताना दिसतात. आठवी तातेरावांची बायको. ती ऑपरेशननंतर परत आलीच नाही. तेराव्यानंतर तातेराव सगुणाबाईंच्या दारात उभे राहून म्हणाले, "तुम्ही बोट लावलं न्हाई तवर धडधाकट होती ती." सगुणाबाईंनी त्यांना पाणी दिलं.

आणि आज त्या स्वतःच उषाबाईंच्या पलंगावर आडव्या झाल्या होत्या. "आपलं पोट आपल्याला कळत न्हाई, बाई. मान उचलली का ताठतं. तुमचा हात द्या."

"मला काय समजतंय त्यातलं?"

"समजू नका. नुसतं दाबा, अन् पळतं का सांगा."

पळत नव्हतं. रुततही नव्हतं. सगुणाबाईंनी लुगडं सारखं केलं. "बराबर. मला वाटलंच. भुजंगला सांगू नका. मी कापून घेणार न्हाई. तातेरावाची बायको माझ्या शब्दावर गेल्ती. मी कुणाच्या शब्दावर जाऊ?"

सोमवारी भुजंगने आईला अक्षरशः उचलून गाडीत बसवलं. उषाबाई शेजारी बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत गेल्या वर्षीची डायरी. जालन्याच्या दवाखान्यातली डॉक्टर भुजंगच्या पोरीच्या वयाची असेल. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा.

"मावशी, थकवा कधीपासून?"

"दिवाळीपासून," सगुणाबाई म्हणाल्या. "गावचा डॉक्टर म्हणला, वय झालं. लाल गोळ्या दिल्या."

उषाबाईंनी डायरी उघडली आणि खालच्या आवाजात वाचलं. "चार जून. सगुणाबाई ओट्यावर बसून कच्चे तांदूळ चघळत होत्या. बावीस जुलै. जेवण अर्धे टाकले. अकरा ऑगस्ट. तोंड पांढरे दिसले."

डॉक्टरने डायरी स्वतःकडे ओढली. "रक्त कमी झालं की कच्चे तांदूळ, माती असलं खावंसं वाटतं. मोठ्या आतड्यात उजवीकडे गाठ असली तर रक्त थोडं थोडं आतल्या आत जातं. डोळ्यांना दिसत नाही. माणूस नुसतं थकत जातं."

उषाबाई आपल्याच अक्षराकडे बघत राहिल्या. सात महिने सगळं टिपलं, आणि एकदाही मागचं पान उलटलं नाही. काय लिहिलंय ते या पोरीने अर्ध्या मिनिटात वाचलं.

सगुणाबाईंचं लक्ष मात्र डॉक्टरच्या हातांवर होतं. तिने तळवे एकमेकांवर घासून गरम केले, गुडघे उभे करायला लावले आणि डावीकडून, लांबून सुरुवात केली.

"कुणाकडं शिकलीस गं?"

"कॉलेजात, मावशी."

"बरं शिकवलं. कापणार कोण?"

"आधी दुर्बिणीतून बघू, तुकडा तपासायला पाठवू, स्कॅन करू. ऑपरेशन लागलंच तर आमचे सर करतील. मी सोबत असेन."

"तू असशील तर घे माझा अंगठा." मग भुजंगकडे वळून, "अन् मेले तर तातेरावावानी हिच्या दारात जाऊन उभा राहू नको."

"माय, गप की गं!"

"गपच होते इतके दिवस."

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. उजवीकडचं मोठं आतडं गाठीसकट काढलं, उरलेली टोकं जोडली. यकृत स्वच्छ निघालं. पण तपासायला पाठवलेल्या सोळा लसिका ग्रंथींपैकी दोनमध्ये रोग सापडला. म्हणजे केमो: दर तीन आठवड्यांनी सलाइन, मध्ये गोळ्या, असे सहा महिने.

"अजून सहा म्हैने?" सगुणाबाई छताकडे बघत म्हणाल्या. "लई थकून गेले हो, बाई."

"मीही," उषाबाई म्हणाल्या.

बाहेर भुजंग भिंतीला टेकून उभा होता. त्याचं घर शेतात, संडास अंगणापलीकडे. "काकू, रात्रीबेरात्री माय एकटी उठून तिकडं कशी जाईल? तुमच्याकडं ठेवली असती, पण तुम्हाला त्रास."

"त्रास होईलच," उषाबाई म्हणाल्या. "आण."

त्या एसटीने एकट्याच गावी आल्या. संध्याकाळी शेजारच्या मिथुनला हाक मारून थोडी हलवाहलव केली, भाकरीचा एक तुकडा खाल्ला आणि वही उघडली.

पुढच्या खोलीतली खाट आतल्या खोलीत नेली. तेथून मोरी आणि संडास चार पावलांवर. खाटेचा एक पाय डुगडुगतो. खाली पुठ्ठा घातला.