चौथ्या पायरीवरची गळती

“मग ती भिंत काय मी फोडली?” बायकोनं विचारलं.

“भिंत मीच फोडली. कामच आहे ते माझं,” तो म्हणाला. “पण आवाज पाइपातला आहे. माझा नाही.”

भांडणाला सकाळीच तोंड फुटलं होतं आणि दोघांचाही चहा त्यात निवून गेला होता. तो नळदुरुस्ती करायचा. सगळी इमारत त्याला वायसर म्हणायची, कारण कुणाकडेही गेला की आधी नळाचा वायसर बदलायचा आणि मग काय बिघडलंय ते विचारायचा. पण त्याच्या हातून गळती सुटली असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि आता खालच्या मजल्यावर काकूंच्या न्हाणीघराची भिंत छातीएवढी उघडी पडली होती, आतले पाइप ठणठणीत कोरडे होते, आणि तरीही काकूंना रोज संध्याकाळी आतून फुसफूस ऐकू येत होती.

येणारच, असं बायकोचं म्हणणं.

झालं होतं असं, की गेल्या वर्षी तो एका बासरी शिकवणाऱ्या बाईंकडे नळ बसवायला गेला आणि येताना बासरी घेऊन आला; तेव्हापासून त्यांच्या वर्गाला जातो. बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी त्यानं घरात सगळ्यांना ताकीद दिली. पाना धरणाऱ्या माणसानं बासरी धरलेली बघून लोक हसले असते. रियाजाला त्यानं न्हाणीघर निवडलं. तिथं फरशीमुळे आवाज घुमतो आणि आपण बरे वाजवतो असं वाटतं. त्या न्हाणीघराचे पाइप ज्या पोकळीतून खाली उतरतात, ती थेट काकूंच्या भिंतीमागं जाते. हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते पाइप त्यानंच बसवले होते.

तर रोज संध्याकाळी काकूंचा फोन यायचा, की गळती सुरू झाली. हा बासरी ठेवून, पाना घेऊन खाली धावायचा. भिंतीला कान लावायचा. आत चिडीचूप. गळती आपल्याला घाबरते अशा थाटात वर यायचा, पुन्हा बासरी ओठाला लावायचा, की पुन्हा फोन. शेवटी वैतागून त्यानं छिन्नी घातली.

काल बायको फोडलेली भिंत बघायला म्हणून काकूंकडे गेली. तेवढ्यात आतून फुसफूस सुरू झाली. मग ती थांबली, दोनदा खोकली आणि परत सुरू झाली.

“गळतीला खोकला येत नाही,” तिनं आता चौथ्यांदा सांगितलं.

पाइपात हवा अडकली की तसं होतं, असं त्याचं उत्तर तयार होतं. दुसरं काय म्हणणार? ती फुसफूस त्याची ठरली, तर वर्षभर फुंकून त्याच्या बासरीतून नुसती हवाच येत होती असं झालं असतं. त्यापेक्षा काकूंची दुसरी भिंत फोडायला तो एका पायावर तयार होता. मुलीनं सुचवलं, की बाबांनी वर वाजवावं आणि आईनं खाली ऐकावं, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. आज ओठ फुटलेत, म्हणून त्यानं ते उडवून लावलं. त्याची आई इतका वेळ लसूण सोलत होती. तुझे वडील नुसते घोरायचे, ते परवडलं, एवढं बोलून तिनं आपलं मत दिलं.

इतक्यात काकूच जिना चढून, गुडघे धरत आल्या. भिंत बुजवायची घाई करू नकोस, म्हणाल्या. हल्ली त्या संध्याकाळी स्टूल घेऊन तिथंच बसत होत्या. टीव्हीपेक्षा बरं.

“काय बरं?” त्यानं विचारलं.

“अरे, तुझी ती गळती. आधी नुसती फस्स करायची. आता पायऱ्या चढल्यासारखी चढते. पाच पायऱ्या, मग वर जरा टेकते, मग तशीच उतरते.”

तो पाटावरून उठला. “पाच? नीट मोजल्यात?”

“मला काय पाच मोजता येत नाहीत? चौथीवर मात्र दर वेळी फुसकते. बाकीच्या छान लागतात.”

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. तो स्वतःच्या बोटांकडे बघत होता. सध्या तो भूप शिकत होता, आणि भूपात पाचच सूर. चौथा पंचम. त्याला बासरीची सगळी भोकं बोटांनी घट्ट मिटावी लागतात, आणि पाइपांना आटे पाडून पाडून त्याच्या बोटांना घट्टे आणि चिरा पडलेल्या. गेल्याच आठवड्यात बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या होत्या, की पंचमाला तुमची बोटं गळतात. हे त्यानं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. नळवाल्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं?

“सापडेल ना रे?” काकूंनी विचारलं. “की दुसऱ्या कुणाला बोलावू?”

दुसऱ्या कुणाला म्हटल्यावर त्यानं मान वर केली. एकदा खिळ्याला टांगलेल्या पान्याकडे पाहिलं, एकदा न्हाणीघराच्या दाराकडे.

“बाकीच्या छान लागतात म्हणालात ना?”

“म्हटलं की.”

“गळती माझी आहे,” त्यानं घरातल्या सगळ्यांना सांगितलं. “उद्या काकूंची भिंत बांधून देतो. मध्ये काकूंना ऐकण्यापुरती एक झडप ठेवणार आहे. चौथी पायरी नीट लागली असं काकू म्हणतील त्या दिवशी ती बंद करू. तोवर संध्याकाळी न्हाणीघर माझं.”