संपतच्या मोपेडचा प्लग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बहिणीला तर नाहीच – जिच्यासाठी केलं असं स्वतःला बजावत आलो, तिला. तुम्ही माझे कोण? कोणी नाही, म्हणूनच तोंड उघडतोय.

नव्वदच्या दशकात नेरूळला माझं स्पेअर पार्टचं छोटं दुकान होतं. संपत माझ्याच गावचा, साताऱ्याकडचा. त्याची बायको शोभा पहाटे उठून जेवणाचे डबे करायची आणि हा ते मोपेडला दोन्ही बाजूंनी लटकवून रबाळ्याच्या कारखान्यांत पोचवायचा. त्या मोपेडवर त्यांचं घर चालायचं. मला ते ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं – एवढं लक्षात ठेवा.

माझ्या बहिणीचं, सुमनचं लग्न कामोठ्याच्या एका घरात जवळजवळ ठरलं होतं. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. मुलाकडचे गुपचूप चौकशी करतात, मुलीच्या गावचं इथे कोण आहे ते हुडकून काढतात. त्यांनी संपतला हुडकलं. संपत म्हणाला, पोरगी गुणाची आहे, पण लहानपणी तिला आकडी यायची. खोटं नव्हतं ते. यायची. पण शाळेत असतानाच ती कायमची थांबली, हे सांगायला काय जीभ झडली होती? नकार आला. पुढची स्थळंही तेच ऐकून परत फिरली. सुमन मान खाली घालून आईबरोबर गावी निघून गेली. मी मात्र मनात गाठ मारून ठेवली.

भांडलो का त्याच्याशी? छे. तो दुकानात आला की चहा मागवायचो, साखर जास्त सांगायचो.

मग एकदा त्याने फडक्यात गुंडाळलेला प्लग काउंटरवर ठेवला.

"आण्णा, ह्यो बगा की, परत काळा. गाडी चालूच हुईना. काळा न हुनारा प्लग द्या एकादा."

आता थोडं समजून घ्या. प्लग गरम असतात, थंड असतात. गरम प्लगवर काजळी धरत नाही, पण त्याची उष्णता लवकर उतरत नाही. गल्लीबोळात हळू फिरणाऱ्याला तो चालतो. पण ओझं लादून, मूठ पूर्ण पिळून हायवेने पळणाऱ्या एवढ्याशा टू-स्ट्रोक इंजिनात? पिस्टनचा जीव घेतो. संपतचं दुखणं साधं होतं. सकाळी तो डबे बांधायचा तेव्हा टाकीत पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं काम शोभाचं, आणि इंजिन सांभाळावं म्हणून ती हात सढळ ठेवायची; त्या जादा ऑइलनेच प्लग काळा पडायचा. ऑइल थोडं कमी करा, प्लग होता तसलाच घाला – एवढंच सांगायचं होतं. ओठांवर आलं होतं. मी गिळलं. आणि खोक्यातून सगळ्यात गरम प्लग काढला.

घाई केली का? अजिबात नाही. टोकांमधली गॅप नीट केली, फुंकर मारली, पुसून दिला. इतक्या आवडीने मी कधी कुणाला सामान दिलं नसेल.

त्यानंतर तो माझी तारीफ करत फिरला. पायडल मारलं की गाडी सुरू! प्लग काढून मुद्दाम दाखवायला आला – पांढराफटक. तेव्हा बऱ्याच गाडीवाल्यांचा समज होता, पांढरा प्लग म्हणजे इंजिन ठणठणीत. खरं तर तो बदामी असायला हवा. पांढरा म्हणजे आत भट्टी पेटली आहे. मी म्हटलं, "झकास!" आणि वाट बघत राहिलो. त्या वाट बघण्यातही गोडी होती, खोटं कशाला बोलू?

गाडी रबाळ्याच्या अलीकडे बसली. पिस्टनला भोक. डबे रस्त्यातच राहिले, आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेली. पण मला सांगायचंय ते हे नाही. एवढ्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, आजही थोडंच वाटतं. बघा, कसला माणूस आहे मी.

सांगायचंय ते पुढचं. नवरा-बायको तो पिस्टन घेऊन दुकानात आले. असं कशानं झालं, संपतने विचारलं. मी पिस्टन उजेडात धरला, भोकावरून बोट फिरवलं, आणि – थांबा, सांगतो – शोभाकडे बघत म्हणालो, "ऑइल कमी पडलं."

का म्हणालो? स्वतःला वाचवायला? तेही होतंच. पण खरं सांगू? मला अजून हवं होतं. माझ्या घरातली एक बाई मान खाली घालून बसली होती. त्याच्याही घरातली बसावी असं वाटलं.

संपत भर दुकानात तिच्यावर खेकसला, चार माणसांसमोर. "म्या तर जास्तीच घालत हुते वो," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं तिने – तुम्हीच सांगा यांना, अशा नजरेने. मी पाना पुसत बसलो.

पुढे डबे बंदच पडले. त्यांनी गावी परत जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी शोभा एकटी दुकानात आली, दारातच उभी राहिली. "माजंच चुकलं असंल, आण्णा. पर ह्यांनी बोलनंच टाकलंय माज्याशी. माजी एवडी चूक हुती का?"

मी मान डोलावली. हो म्हणून.