गाईपुढं शून्य लिहीत नाहीत

आमच्या गावच्या दूध संस्थेचा मी सचिव. लोकांचा उगीच गैरसमज होतो म्हणून आधीच सांगतो: दूध मोजणारा वेगळा, फॅट बघणारा वेगळा आणि सही चेअरमनची. राहता राहिला शिक्का. तो मी मारतो, आणि बायकोच्या मते तोही तिरका मारतो.

बायको शेजारच्या कडा गावातल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. घरातली अक्कल एकाच डोक्यात ठेवली की सांडलवंड होत नाही, असं देवानं ठरवलं असावं.

त्या दुष्काळात संस्थेनं मुरघास आणला, म्हणजे मक्याची कुट्टी दाबून, पिशवीत हवाबंद करून मुरवलेला चारा. पिशव्या मोजक्या आणि जनावरं गावभर. भरपूर दूध देणारी गाय स्वतःच्या पेंडीपुरतं कमावते, म्हणून दिवसाला दोन लिटरच्या आत आलेल्या जनावरांना पहिल्यांदा द्यायचा, असं मंडळानं ठरवलं. एवढ्या जनावरांतून ती निवडायची कोणी? मी छाती फुगवून म्हणालो, "आपल्या घरी प्रोग्राम हाय."

प्रोग्राम म्हणजे बायको.

रजिस्टर बघून मी संगणकावर तक्ता भरला. एका जनावराची एक ओळ. रकाने मालक, गाय की म्हैस, रोजचं दूध. बायकोनं खाली एकच वाक्य लिहिलं.

"हे प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारतं," ती म्हणाली. "दूध दोनच्या खाली आहे का? 'हो' म्हणेल ती ओळ राहते."

"म्हणजे पीठ चाळल्यासारखं."

"तुम्ही कधी चाळलंय?"

मी यादी घेऊन निघालो.

सकाळी ती ऑफिसच्या भिंतीवर लावली, आणि तासाभरात माझी चुलती दारात उभी. काका गेल्यापासून काकू आणि तिची गाय, असं दोघींचंच घर. गाय गाभण, दिवस भरत आलेले, दूध कधीच आटलेलं. चाऱ्याला ठेवलेले उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडेही संपले होते. आता चारा मिळाला नाही, तर तशा अवघडलेल्या जनावराला बाजार दाखवायची वेळ होती.

"बाबा, माझी गाय कावून न्हाई रं यादीत?"

"काकू, ज्यांचं दूध कमी..."

"माझीचं थेंबभर बी न्हाई. ह्याच्याहून कमी कसं आसतंय?"

मी काकूला घेऊन घरी आलो.

बायकोनं तक्ता उघडला. काकूच्या गाईची ओळ होती, पण दुधाचा रकाना मोकळा.

"हे रिकामं का?"

"रजिस्टरात रिकामं हाय म्हणून," मी म्हणालो. आमच्याकडं गाय आटली की तिच्यापुढं शून्य लिहीत नाहीत, जागा मोकळी सोडतात. शून्य घातलं की लक्ष्मी कायमची आटली, असं आपल्याच हातानं लिहून दिल्यासारखं होतं.

बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, मोकळ्या रकान्याला विचारलं 'दोनच्या खाली आहेस का', तर तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. 'सांगता येत नाही' म्हणतो. आणि वाक्य फक्त हो म्हणणाऱ्यांना ठेवतं. गावातल्या सगळ्या आटलेल्या गाई गळाल्यात." मग काकूकडं वळून म्हणाली, "आत्याबाई, तिथं शून्य भरते. लगेच येईल नाव."

"न्हाई!" काकू ताडकन उठली. "व्यायला झालीय ती. चारा न्हाई मिळाला तरी चालंल, माझ्या गाईम्होरं शून्य न्हाई घालायचं."

मी पदवीधर माणूस. मीही हळूच म्हणालो, "नको घालू."

बायकोनं आम्हा दोघांकडं पाहिलं, आणि शून्याला हात न लावता वाक्य वाढवलं: दूध दोनच्या खाली, किंवा रकाना मोकळा.

नवी यादी मी ऑफिसात मोठ्यानं वाचली. काकूची गाय आली, आटलेल्या बाकीच्याही आल्या. पाठोपाठ चेअरमनच्या म्हशी आल्या.

"माझ्या कावून?" चेअरमन खुर्चीत ताठ झाले. "बादल्या भरून दूध देत्यात त्या!"

ते दूध रस्त्यावरच्या हॉटेलात जातं, हे सगळ्या गावाला ठाऊक. शेवटी फॅट बघणारा मान खाली घालून म्हणाला, "देत्यात की. पर हितं कुटं देत्यात?"

हशा झाला. मी मात्र घाबरलो. ही यादी आता चेअरमन फाडणार, आणि काकूची गाय पुन्हा बाहेर. म्हणून बायकोकडून ऐकलेलं घाईघाईनं सांगून टाकलं, की रकाना मोकळा दिसला तरी दूध आटलंय की इथं घातलंच नाही, हे मशीनला समजत नाही.

"मशीनला न्हाई समजत," काकू म्हणाली, "आमाला समजतंय."

चेअरमन कानापर्यंत लाल झाले. मग स्वतःच हसले. "माझ्या म्हशी काढा रं यादीतून. आटलेल्यांना आदी द्या."

मी त्यांच्या ओळी खोडल्या आणि शिक्का मारला.

पिशवी मी स्वतः काकूच्या गोठ्यात पोचवली. मुरघासाचा आंबूस वास. गाईनं हुंगलं, फुर्रकन नाक उडवलं आणि तोंड फिरवलं. काकूनं मूठभर मुरघास तळहातावर धरून तिच्या तोंडाशी नेला. गाईनं जीभ लावली, जरा थांबली, आणि मग मान गव्हाणीत घातली ती वर काढेचना.

मी कौतुकानं बघत उभा राहिलो.

"आता जा की घरी," काकू म्हणाली. "खाताना आसं टक लावून बगू न्हाई. नजर लागंल."