मोराचं पीस, कोंबडीचं पर

आमच्या घरात ‘पीस’ म्हणजे मोराचंच. कोंबडीचं असेल ते ‘पर’, आणि हा शब्द आत्या देवघराच्या आसपाससुद्धा उच्चारू देत नसे. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण, विधवा, घरातलं सोवळंओवळं सगळं तिच्या हाती. पीस देवाच्या मुकुटात खोवायचं, पोथीत ठेवायचं, उचकी थांबेना तर जाळून त्याची राख मधातून चाटवायची. पर मात्र उकिरड्यावर!

एकदा आईच्या हातावर उकळतं वरण सांडलं. मनगटापासून कोपरापर्यंत फोड उठले. वडील कापसाची गाडी घेऊन खामगावला गेलेले. वैद्यबुवांनी जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी फेटून दिली आणि बजावलं, “बोट लावू नका. पिसानं लावा.”

झालं! शेजारची माळीण कुंपणावरून ऐकत होती. ती लगेच कोंबडीचं स्वच्छ धुतलेलं पर घेऊन दारात आली. आत्या आडवी आली. “कोंबडीचं काही आमच्या घरात येत नाई. वैद्यबुवा पीस म्हने. पीस म्हनजे मोराचं.”

“बाई, हात जळून राह्यला तिचा,” माळीण म्हणाली.

“मंग देवाचं पीस काढू काय?”

तेही काढायचं नव्हतं. आत्यानं शेतावरच्या सालदार गड्याला पिंपळगावच्या शिवारात मोराचं पीस शोधायला धाडलं. आई भिंतीला टेकून हातावर फुंकर घालत बसली. मी संतापानं नुसती धुमसत होते. पण आत्यापुढे बोलायची घरात कोणाची टाप नव्हती. आईचीही नव्हती, याचाच मला जास्त राग येत होता.

उन्हं कलल्यावर पीस आलं. सुंदर होतं, काय करायचं त्याला? मोकळ्या तंतूंवर तेल ठरेना, सगळं जमिनीवर ठिबकलं. तंतू फोडांना चिकटले आणि ओढून काढताना कातडी सोलून आली. आईची किंकाळी ऐकून माळीण आत घुसली. या वेळी तिनं कोणाला विचारलं नाही. परानं तेल लावलं, हळू, एकसारखं. आत्या तोंड फिरवून तुळशीपाशी उभी राहिली.

हात बरा झाला, डाग मात्र राहिला.

पुढच्या वर्षी आंघोळीचं कढत पाणी आत्याच्याच पायावर सांडलं. ती कण्हत मला म्हणाली, “जा वं, माळणीकडून ते घेऊन ये.”

“काय आणू?”

“ते वं.”

“ते म्हणजे काय?” मी जागची हलले नाही. तो शब्द मला तिच्या तोंडून ऐकायचाच होता.

तेवढ्यात आई आतून आली. एका हातात तेलाची वाटी, दुसऱ्या हातात कोंबडीचं पर. कधीपासून जपून ठेवलं होतं तिनं, कोण जाणे. मला बाजूला सारून ती आत्याच्या पायाशी बसली.

“बोलू नका, बाई,” ती म्हणाली. “पाय इकडं करा.”