ताकाच्या बाटलीतलं फिनेल

"मॅडम, आबा फिनेल प्यालेत. ताक समजून. काय करू?"

फोन वैष्णवीचा होता. दुपारचे दीड वाजले होते. मी शिरूरच्या आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये नव्या बॅचसमोर उभी होते.

"किती प्यालेत?"

"अर्धी बाटली तरी. बोलत्यात नीट, पण घसा जळतोय म्हनत्यात."

"मिठाचं पाणी पाज. उलटी काढ. लगेच! मग दवाखान्यात न्या."

हे मी सांगितलं. अगदी ठणकावून सांगितलं.

मी दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींना घरबसल्या करता येतील असे छोटे धंदे शिकवते. मेणबत्त्या, मसाले, कागदी पिशव्या, भांड्यांचा साबण, फिनेल. यात फिनेल सगळ्यात सोपं. कॉन्सन्ट्रेट नावाचं दाट तेलकट द्रव्य तयार मिळतं. एक लिटर कॉन्सन्ट्रेट वीस लिटर पाण्यात ओतायचं की झालं. ओतल्याबरोबर पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि पोरं टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांची चटक लागली होती, खोटं कशाला बोलू? डेमो संपला की माझं एक ठरलेलं वाक्य असायचं, "बाटल्या विकत आणत बसू नका रे. घरातल्या रिकाम्या धुवा आणि भरा." पोरं तेही वहीत लिहून घ्यायची.

वैष्णवी सतरा वर्षांची, शिक्रापूरजवळच्या वस्तीवरची. एकेकाळी तिच्या आबांची, म्हणजे आजोबांची, मेंढरं होती. आता दोन म्हशी आणि विहिरीच्या पाण्यावर मेथी-कोथिंबीर. तिची आई हायवेला ट्रकवाल्यांना आणि कंपनीतल्या कामगारांना ताक विकते. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून. त्यामुळे घरात धुतलेल्या बाटल्यांची पोती पडलेली. वैष्णवीने त्यातल्याच उचलल्या. कामगारांच्या खोल्यांवर तिचं फिनेल जायला लागलं होतं. मला ती फोटो पाठवायची. पडवीत ओळीनं मांडलेल्या पांढऱ्याशुभ्र बाटल्या. एकीवरही लेबल नव्हतं. मला दिसलंच नाही असं म्हणायला फार आवडलं असतं, पण दिसलं होतं. पुढच्या वेळी सांगू म्हटलं आणि 'व्हेरी गुड' लिहून पाठवलं.

लोक मला हमखास विचारतात, फिनेलचा एवढा वास येतो, म्हाताऱ्याला कळलं कसं नाही? अहो, त्या पडवीतच ती फिनेल भरत होती. घरभर तोच वास. शिवाय आपल्याकडे बाटलीला तोंड लावत नाहीत, उष्टी होते. मान मागं टाकायची, बाटली वर धरायची, धार थेट घशात. नाक बाटलीच्या जवळ जातच नाही. आबा उन्हात खुरपून आलेले, तहानेनं कासावीस. चव कळेपर्यंत अर्धी बाटली पोटात गेली होती.

मी स्कूटी काढून निघाले. दवाखान्यात पोचले तेव्हा आबांना ऑक्सिजन लावला होता. डॉक्टर तरुण होते आणि चिडलेले होते.

"उलटी कुणी काढली यांची?"

उत्तराची वाट न पाहता डॉक्टरच पुढं बोलले.

"फिनेलमध्ये तेल असतं. ते पोटात होतं तोवर बरं होतं. उलटीबरोबर वर आलं आणि थेट फुप्फुसात गेलं. काहीही न करता नुसतं इथं आणलं असतं तरी एवढं झालं नसतं."

वैष्णवीनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. "म्या काढली," ती म्हणाली. "माझ्या मनानं."

विष पोटात गेल्याची केस आली की दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं. थोड्या वेळानं हवालदार आले. त्यांनी विचारलं, "फिनेल असल्या बाटलीत भरायचं कुणी सांगितलं गं तुला?"

"कुनी न्हाई. माझंच डोकं."

मी तीन हात अंतरावर उभी होते. वर्गात तास-तास तोंड चालवणारी बाई मी, आणि तिथं माझी दातखीळ बसली. वैष्णवीची चुलती म्हणाली, "शिकवायला पाठवली, तर आबांच्याच जिवावर उठली." तेही मी ऐकून घेतलं.

बाहेर येऊन सेंटरचे मॅनेजर देशमुख सरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"रिकाम्या बाटल्यांचं आपल्या मॅन्युअलमध्ये आहे का?"

"नाही सर. मी तोंडी सांगायचे."

"आणि उलटीचं?"

"तेही फोनवरच."

"रेकॉर्ड?"

"नाही."

"मग झालं तर! मुलगी स्वतःच सांगतेय ना? उद्या सेंटरला कुलूप लागलं तर बाकीच्या पोरींनी काय करायचं, मॅडम?"

मला पटलं. खरं म्हणजे कुणीतरी पटवावं म्हणूनच मी फोन केला होता. संध्याकाळी सेंटरवर परत आले तेव्हा डेमोचा कॅन टेबलावर तसाच होता. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं की पोटात गेल्यास उलटी काढू नये. इतकी वर्षं मी तो कॅन हाताळत होते. एकदाही उलटा करून पाहिला नव्हता.

आबा तिसऱ्या दिवशी गेले.

दहाव्याला मी वस्तीवर गेले. विधी उरकून माणसं मांडवात टेकली होती. वैष्णवी तांब्या आणि पेला घेऊन सगळ्यांपुढून फिरत होती. एक म्हणाला, "नको." दुसरा म्हणाला, "आत्ताच पेलो." तिसऱ्यानं नुसतीच मान फिरवली. एकानंही पेला उचलला नाही. ती मात्र प्रत्येकापुढं थांबत होती. बहुतेक दहा दिवस हेच चाललं असावं, कारण तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. ती माझ्यापर्यंत यायच्या आत मी उठून उभी राहिले.

"बाटल्यांचं मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "आणि उलटीही मीच काढायला लावली. फोनवर. हिनं फक्त माझं ऐकलं."

आबांच्या बायकोनं, आजीनं, माझ्याकडं पाहिलं. डोळे कोरडे होते.

"मंग तवाच का न्हाई बोलला, बाई? धा दिस माझ्या पोरीला समद्यांनी खुनी केली. तुमी कुठं व्हता?"

 

"वैष्णे," आजी म्हणाली, "हिकडं आण त्यो तांब्या."

तिनं पेला बाजूला सारला आणि ती तांब्यातूनच पाणी प्याली. वरून नाही, तोंड लावून. सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. मग तांब्या शेजारच्या माणसाकडं सरकवला. तोही प्याला. त्याच्यानंतरचाही. वैष्णवी तिथंच मटकन बसली आणि पहिल्यांदाच रडली.

मला पाणी कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला जाऊन लेखी जबाब दिला. देशमुख सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग 'प्रशासकीय कारणास्तव' माझी बदली झाली. आता मी दौंडच्या सेंटरला असते. वैष्णवीनं धंदा बंद केला. माझा फोन ती उचलत नाही, आणि ते बरोबरच आहे.

दौंडला मी अजूनही फिनेल शिकवते. पण आधी नवी बाटली, तिच्यावर मराठीत आणि हिंदीत 'विष', मग झाकण, आणि सगळ्यात शेवटी फिनेल. तोवर पोरं कंटाळून जांभया देत असतात, टाळ्या कुणी वाजवत नाही. मी मात्र एक शिकले. आपण जाता जाता तोंडी सांगतो, ते पोरं वहीत लिहून घेतात आणि घरी जाऊन तसंच्या तसं करतात. म्हणून वर्गात जे बोलणार असेन ते मी आदल्या दिवशी कागदावर लिहून काढते, प्रत्येकाला एकेक प्रत देते, आणि प्रत्येक प्रतीवर खाली माझी सही करते.