ड्रायव्हरची उगवण

आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की किस्सेही निघतात. जालना एमआयडीसीतल्या या बियाणे प्लँटमध्ये कंप्युटर सांभाळणारा मी एकटाच, त्यामुळे निम्मे किस्से माझ्यावरचे असतात. लोक हसतात, मीही हसतो, पण घास नीट उतरत नाही.

भीती एकाच गोष्टीची. पिशव्यांवरची लेबलं छापणारा आमचा प्रिंटर जुना आहे. तो बनवणारी कंपनी बंद पडली, सीडी हरवली. कंप्युटरचं बोलणं त्या प्रिंटरला समजावून देणारा ड्रायव्हर आता कुठेच मिळत नाही, तो फक्त आमच्या एका कंप्युटरात आहे. तो गेला तर लेबल नाही, आणि लेबल नाही तर माल गेटबाहेर जात नाही. पेरणी तर आमच्यासाठी थांबत नाही.

*

लेबलं छापायला भास्करराव बसतात. त्यांना मी बजावलं होतं, "बंद करताना अपडेट करू का म्हणून विचारेल, होय म्हणू नका. नवा ड्रायव्हर येऊन जुन्याच्या बोकांडी बसेल."

वीस दिवसांनी गेलो तर खोलीत भट्टी पेटल्यासारखी गरमी. कंप्युटरचं झाकण उघडं आणि समोर टेबल फॅन.

"हे काय, भास्करराव?"

"बंदच केला न्हाई सर, तवापासून. बंद करताना इचारतो म्हन्ले ना तुम्ही? मंग इचारूच देत न्हाई."

मला रागवताही येईना. उलट येता-जाता तो फॅन चालू आहे ना, हे मीच बघायला लागलो.

*

मॅनेजर साहेब मात्र धाडसी. त्यांच्या लॅपटॉपवर चौकट आली, 'तुमचे ड्रायव्हर जुने झाले, फुकट अपडेट करा.' साहेबांनी एका झटक्यात सगळे केले. आवाज गेला, वायफाय गेलं, माऊस हलेना. मला बोलावणं आलं.

"ते आता विचारतंय, पहिल्यासारखं करू का म्हणून. होय म्हणायचंय हो, पण कशानं म्हणू?"

दुरुस्त करून उठता उठता मी हात जोडले, "साहेब, लेबलच्या कंप्युटरला तेवढं हात लावू नका."

"आधी त्यालाच करणार होतो," साहेब म्हणाले. "भास्करराव खुर्चीवरून उठले नाहीत म्हणून राहिलं."



*

त्या दिवशी ठरवलं, बॅकअप घ्यायचाच. पण पेन ड्राइव्ह इथे कुणीही उचलून त्यात लग्नाचे फोटो भरतो. आमच्या लॅबमध्ये प्रत्येक लॉटचं थोडं बियाणं सीलबंद ठेवतात, उद्या तक्रार आली तर दाखवायला. त्याला गार्ड सॅम्पल म्हणतात. मी सगळ्यांना सांगितलं, "बॅकअप म्हणजे ड्रायव्हरचा गार्ड सॅम्पल."

लोकांना लगेच पटलं, जरा जास्तच पटलं. कॉपी चालू असतानाच लॅबच्या प्रज्ञा साळवे मॅडम कापडी पिशवी, सुतळी आणि लाख घेऊन हजर.

"जल्दी करा सर. साहेब परतूरला निघून राह्यले, सीलवर त्यांची सही लागते."

मी पेन ड्राइव्ह ओढला. सील झालं, लॉट नंबर पडला, सही झाली, पिशवी कोल्ड रूममध्ये गेली. त्यानंतर महिनाभर मी निवांत झोपलो.

*

महिना संपला आणि मॅडम रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी.

"सर, ड्रायव्हरची उगवण लावायची राह्यली."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"सॅम्पल ठेवला आन् उगवला का ते बघितलंच न्हाई, असं आमच्यात चालत न्हाई."

सील फोडलं. पेन ड्राइव्ह एका पडून असलेल्या कंप्युटरला लावला. फोल्डर होतं. नाव बरोबर, तारीख बरोबर. उघडलं तर आत काही नव्हतं.

भिंतीपलीकडे प्रिंटर लेबलं छापत होता. मी पेन ड्राइव्ह उपसून तिकडे धावणार, तोच मॅडमनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. लिहिलेलं होतं: नमुना, ड्रायव्हर. उगवण, शून्य टक्के. नमुना घेणाऱ्याची सही, रिकामी.

"मॅडम, हे लिहायलाच पाहिजे का?"

"लिहिलं न्हाई की समदे पास धरतेत, सर."